उद्योग पुन्हा घरी येतो



आजचा विषय दिसावयास अगदी अर्वाचीन आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी पुकारली गेली, आणि पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील मोठमोठ्या कचेऱ्यांतून संगणकाच्या आज्ञावली रचणारे, ज्यांना आपण सॉफ्टवेअर अभियंते म्हणतो ते तरुण-तरुणी आपापली यंत्रे पाठीवरच्या पिशवीत घालून घरी गेले. त्यांपैकी नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, अहमदपूर अशा गावांची जी मंडळी होती, त्यांतील पुष्कळांनी गावचा रस्ता धरला. माडीवरच्या खोलीत, देवघराच्या शेजारी, क्वचित् धान्याच्या कोठीतही मेज मांडले गेले आणि तेथून परदेशातील पेढ्यांची कामे होऊ लागली. घरातील वडीलधाऱ्यांना याचे मोठे नवल वाटले. मुलगा दिवसभर घरात दिसतो आणि तरीही महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो, हे कोडे त्यांना सहजी उलगडेना.

आता त्या नवलाईचा भर ओसरला आहे. कित्येक कंपन्यांनी आपली माणसे परत बोलाविली. कित्येकींनी आठवड्याचे काही दिवस घरचे व काही कचेरीचे, असा मध्यम मार्ग काढला. ही रीत टिकावी की नाही, याविषयी दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. परंतु गुणदोषांचा निवाडा करण्यापूर्वी या रीतीचा पूर्वेतिहास पाहणे मला अगत्याचे वाटते. तो पाहिला म्हणजे ध्यानी येते की, घरी बसून उद्योग करणे ही मनुष्याची फार जुनी वहिवाट आहे; नवी आहे ती कचेरी. घर आणि कामाची जागा यांची ताटातूट होऊन अवघी अडीचशे वर्षे झाली, आणि आपल्या मराठवाड्यात तर शंभर-सव्वाशेच. ही ताटातूट का झाली, तिने आपल्या दोन जिल्ह्यांचे काय केले, आणि ती मिटविण्याची जी संधी आज आली आहे ती कोणत्या अटींवर स्वीकारावी, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

‘दप्तर’ हा शब्दच पाहा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा आपल्याकडील रूढ अर्थ कागदांचे गाठोडे असा होता. कापडी रुमालात बांधून ते घरच्या फडताळात ठेवीत. निजामी अमलात गावचा पटवारी आपले दप्तर स्वतःच्या वाड्यातच बाळगी. पिकाची नोंद, साऱ्याचा हिशेब, वाटणीचे कज्जे, हे सारे ओसरीवर बसून मोडी अक्षरांत लिहिले जाई. शनिवारवाड्याकडे पाहिले तरी तोच प्रकार. पेशव्यांचे निवासस्थान व राज्याच्या कारभाराचे स्थान एकच होते. लातूरच्या व्यापाऱ्यांनी १९१७ च्या सुमारास गंजगोलाईची वर्तुळाकार पेठ वसविली, तिच्याभोवतीही दुकान खाली व बिऱ्हाड वर अशीच वस्ती रुळली. मुनीम गादीवर असे, घरातली मुले तेथेच बसून आणेवारी शिकत, आणि जेवणाची हाक आली म्हणजे शेटजी जिना चढून वर जात.

कारागिरांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. नांदेडची तलम मलमल आणि जरीच्या काठांची वस्त्रे एके काळी दूरवर नावाजलेली होती. ती विणणाऱ्याचा माग हा त्याच्या घराचाच एक भाग असे. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणकर बसे. घरातील स्त्रिया कांड्या भरीत, सुताला खळ देत. मुलगा बापाच्या शेजारी बसून धोट्याची लय शिके. ज्येष्ठातल्या दमट हवेत सूत तुटत नाही म्हणून काम वाढवावे, वैशाखाच्या दुपारी माग थांबवावा आणि पहाटेच्या गारव्यात पुन्हा लावावा, हा निर्णय त्याचा तो घेई. त्याला घटिका मोजून कामावर बोलाविणारा कोणी नव्हता.

घरी काम देण्यासंबंधी कायदेही आपल्याकडे फार पुरातन आहेत. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षावर, म्हणजे सूत व कापड यांच्या सरकारी अधिकाऱ्यावर, एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत, ज्यांचे पती परदेशी गेले आहेत, ज्या पंगू आहेत, त्यांना दासींच्या हाती कापूस पाठवून घरीच सूतकताईचे काम द्यावे, आणि ते सन्मानपूर्वक द्यावे, असे तेथे सांगितले आहे. सूत घेऊन ज्या पहाटे स्वतः येतील त्यांच्याशी व्यवहार करताना सूत तपासण्यापुरताच उजेड असावा. अधिकाऱ्याने स्त्रीच्या मुखाकडे पाहिल्यास किंवा कामाबाहेरचे संभाषण केल्यास त्याला दंड. आणि वेतन देण्यास विलंब केल्यास त्याहून मोठा दंड. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत घरबसल्या कामाचे तिन्ही मुख्य प्रश्न आले आहेत: काम कोणाला द्यावे, काम करणाऱ्याचा मान कसा राखावा, आणि दाम वेळेवर कसे मिळावे. या तीन प्रश्नांची आठवण मी पुढे पुन्हा करून देणार आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या विणकराचे चित्र काव्यमय रंगात रंगविण्याचा मोह फार होतो. पण तो खरा इतिहास नव्हे. विणकर आपल्या वेळेचा धनी असला तरी सुताचा धनी बहुधा नसे. सूत सावकार देई, उचल सावकार देई, आणि तयार वस्त्राची किंमतही सावकारच ठरवी. घरातल्या स्त्रियांच्या व मुलांच्या श्रमांना मोल नव्हते. ते विणकराच्या मजुरीतच गडप होत. विणकर विखुरलेले असल्यामुळे शेजारच्या गावी काय भाव मिळतो हे त्यांना कळत नसे आणि कळले तरी एकजुटीने बोलता येत नसे. अर्थात् घरी काम करण्यात जे सुख होते ते वेळेच्या स्वातंत्र्याचे होते, आणि जे दुःख होते ते एकटेपणाचे व परावलंबनाचे होते. ही दोन सूत्रे नीट वेगळी करून ठेवली, तर आजच्या प्रश्नाचा गुंता पुष्कळसा सुटतो.

मग उद्योगाने घर का सोडले? इंग्लंडात क्रॉमफर्ड येथे आर्कराइटने १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारावयास घेतली, तेव्हापासून हे स्थित्यंतर धरण्याची वहिवाट आहे. त्याची कारणे तीन. पहिले कारण शक्तीचे: जलचक्र किंवा वाफेचे इंजिन एकच असते, ते शंभर घरांत वाटून देता येत नाही, सबब शंभर माणसांनी इंजिनापाशी यावे हे ओघानेच आले. दुसरे कारण देखरेखीचे: मजूर डोळ्यांसमोर असला तरच काम करतो, असा मालकाचा ग्रह होता. तिसरे कारण कागदपत्रांचे: व्यापार वाढला तसे हिशेब व पत्रव्यवहार वाढले, आणि ज्याला त्या कागदांशी काम त्याला कागद ठेवलेल्या इमारतीत यावेच लागे. पहिल्या दोन कारणांतून गिरणी निघाली आणि तिसऱ्यातून कचेरी.

आपल्याकडे हा क्रम रेल्वेबरोबर आला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी हैदराबादेस जाऊन भिडली. दक्षिणेकडून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९११ साली लातूरला पोचली. या दोन लोहमार्गांनी कापूस, गळिताची धान्ये व डाळी बाहेर जाऊ लागल्या आणि गिरण्यांचे स्वस्त कापड आत येऊ लागले. घरच्या मागाची धडगत उरली नाही. पुढे नांदेडातच सातव्या निजामाच्या नावाने उस्मानशाही गिरणी उभी राहिली. पहाटेच्या गारव्यात आपल्या मर्जीने माग लावणाऱ्यांची नातवंडे आता भोंग्याच्या इशाऱ्यावर पाळीला जाऊ लागली. १९७४ साली ती गिरणी राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने सरकारकडे आली. परंतु तोवर कापड गिरण्यांचे एकंदर दिवसच फिरले होते. घरातला उद्योग गिरणीने नेला आणि गिरणीचा उद्योग काळाने.

उरली ती शेती, व्यापार आणि शिक्षण. त्यांतील शिक्षणाच्या मार्गावर मराठवाड्याने स्वातंत्र्यानंतर जी मजल मारली तिला तोड नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. लातूरला १९६१ साली दयानंद महाविद्यालय व १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले आणि तेथूनच पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोचले. १९८१ साली नांदेडात श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. १९८३ साली लातूरला बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठच आले. ज्या मुलखात निजामी काळात मातृभाषेतील शिक्षणासाठी झगडावे लागले, त्या मुलखाने पन्नास वर्षांच्या आत अभियंते घडविण्यास आरंभ केला.

पण घडलेला अभियंता गावात राहीना. पदवी हाती पडली की त्याने पुण्याची गाडी धरावयाची, हा नियमच होऊन बसला. लातूरपासून पुणे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडपासून साडेचारशे; सणावारी येणे आणि सणावारी जाणे. हिंजवडीच्या आसपास भाड्याच्या खोलीत चौघांनी राहावे, पगाराचा मोठा वाटा भाड्यात व प्रवासात जावा, आणि इकडे आईवडिलांनी रिकाम्या वाड्यात फोनची वाट पाहावी, हे चित्र आपल्या मध्यम वर्गाला इतके परिचित आहे की ते शोचनीय आहे याचेही भान आपल्याला राहिलेले नाही. पूर्वी मराठवाडा कच्चा कापूस बाहेर पाठवी आणि पक्के कापड विकत घेई. आता पिकविलेली बुद्धी बाहेर पाठवितो, आणि तिच्या कमाईवर उभी राहणारी दुकाने, घरे, शाळा व करांचे उत्पन्न परगावी ठेवून येतो. मालाचे नाव तेवढे बदलले. वाहतुकीची दिशा मात्र रेल्वे आली तेव्हापासून आजतागायत तीच राहिली.

आता या अभियंत्याच्या धंद्याकडे वळू. गंमत अशी की, आज्ञावली रचण्याचा धंदा जन्मापासूनच घराला धार्जिणा आहे. १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्ली या बाईंनी अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ नावाची संस्था काढली. लहानपणी १९३९ साली नाझींच्या तावडीतून सुटून आलेल्या निर्वासित मुलांपैकी त्या एक. लग्न झाले, मूल झाले की हुशार स्त्रियांना नोकरी सोडावी लागे. अशा स्त्रियांना त्यांनी घरबसल्या काम दिले. त्या काळी संगणक खोलीएवढा असे. तो कोणाच्या घरी असणे शक्यच नव्हते. या बाया कागदावर पेन्सिलीने आज्ञावली लिहीत आणि टपालाने पाठवीत. यंत्र दूर, आणि रचना मात्र स्वयंपाकघराच्या मेजावर. संस्थेच्या पहिल्या तीनशे माणसांत पुरुष केवळ तीन होते. बाईचे नाव पाहून पत्राला उत्तर येत नाही असे दिसताच शर्लीबाई ‘स्टीव्ह’ या पुरुषी नावाने सही करू लागल्या. आणि दूरध्वनीवर बोलताना मुलांचा गलका ऐकू जाऊ नये म्हणून टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत मागे लावून ठेवीत. अशा घरांतून तयार झालेले काम पुढे कॉन्कॉर्ड या ध्वनीहूनही वेगवान विमानाच्या नोंदयंत्रापर्यंत जाऊन पोचले. शर्लीबाई २०२५ साली निवर्तल्या. परंतु घरून काम म्हणजे हलके काम, या समजुतीला त्यांनी साठ वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

पुढे १९७३ साली, तेलाच्या टंचाईच्या दिवसांत, अमेरिकेतील जॅक नायल्स यांनी माणसाऐवजी कामानेच प्रवास करावा ही कल्पना मांडली व तिला नाव दिले. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ प्रणालीचा आरंभ केला, आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या जगभरच्या हजारो लोकांनी ती वाढविली. आज जगातील फार मोठ्या संख्येने यंत्रे तिच्यावर चालतात. त्यांच्या कामाचा मेळ राखण्यासाठी २००५ साली टॉरवाल्ड्सनेच ‘गिट’ नावाची नोंदवही रचली. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, हे तीत कायम राहते. जुन्या पटवाऱ्याच्या दप्तरालाही इतका चोख हिशेब साधला नसेल.

आता मघाची तीन कारणे आठवा. शक्ती वाटता येत नव्हती. आज ते यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावते. देखरेखीसाठी मालकाची नजर लागत होती. आज कामाची प्रत्येक ओळ नोंदीत दिसते, आणि ती ओळ लिहिताना माणूस खुर्चीत ताठ बसला होता की ओसरीवर पाय पसरून, याने तिच्या गुणात तिळमात्र फरक पडत नाही. कागद एका इमारतीत होते. आज ते तारेवरून कोठेही येतात. ज्या तीन कारणांनी उद्योगाने घर सोडले, ती तिन्ही या एका धंद्यापुरती तरी मावळली आहेत. कारण गेल्यावर कार्य टिकावे ते केवळ सवयीने.

हिंदुस्थानच्या बाबतीत तर याहूनही मोठा विस्मय आहे. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्या कंपन्या अभियंत्यांनाच परदेशी पाठवीत. माणूस कामाकडे जाई. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूरला कचेरी थाटली आणि उपग्रहाच्या द्वारे तिचा संबंध परदेशाशी जोडला. तेव्हापासून काम माणसाकडे येऊ लागले. १९९१ साली सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांची सरकारी संस्था निघाली आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. पुणे व बंगळूर यांचे जे वैभव आपण पाहतो ते सारे दूरस्थ कामाचेच वैभव आहे. गिऱ्हाईक न्यूयॉर्कला आणि कारागीर हिंजवडीला, ही व्यवस्था तीस वर्षे निर्वेध चालली. काम सात समुद्र ओलांडून पुण्यापर्यंत आले; पुण्याहून लातूरपर्यंतची सव्वातीनशे किलोमीटर मात्र त्याला ओलांडवेनात! ज्या मालकाने अमेरिकेतील गिऱ्हाइकाला ‘अंतराने काही बिघडत नाही’ असे पटवून दिले, तोच आपल्या अभियंत्याला ‘दूर बसून काम होत नसते’ असे सांगतो, तेव्हा त्यातील विसंगती लपत नाही.

याला आडकाठ्याही होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस भरवशाची जोडणी मोठ्या शहरांतच मिळे, आणि पुढे कित्येक वर्षे मराठवाड्यातील भारनियमनाने दिवसाचे तासच्या तास अंधारात जात. गावोगावी प्रकाशतंतूंची तार नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली; २०१६ नंतर फोनवरील इंटरनेट स्वस्त झाले. दूरसंचार खात्याच्या जुन्या नियमांप्रमाणे सेवा-केंद्रांच्या कंपन्यांना माणसे घरून कामास लावावयाची तर मोठी बँक-हमी द्यावी लागे; ५ नोव्हेंबर २०२० रोजी ते निर्बंध पुष्कळसे उठले. म्हणजे नांदेड-लातूरचा रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो अलीकडेच.

या रस्त्याने लाभ काय होतो, याचे उत्तर आता केवळ तर्काने देण्याची गरज नाही. २०१०-११ मध्ये शांघायच्या एका प्रवासी कंपनीने दूरध्वनीवर काम करणाऱ्या इच्छुक लोकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून नऊ महिने घरी बसविले. आठवड्याचे चार दिवस घरी व एक दिवस कचेरीत, असा क्रम होता. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी त्याचा हिशेब ठेवला. घरच्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्याने घटले. त्याच कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ पदवीधरांवर दुसरा प्रयोग केला. त्यांत सॉफ्टवेअर अभियंतेही होते. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामात वा बढतीत काही उणे पडले नाही, आणि नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने कमी झाले. ही घट विशेषेकरून स्त्रियांत आणि ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा होता त्यांच्यात दिसली. मालकाचे नुकसान नाही आणि नोकराचे सुख वाढते, असा सौदा व्यवहारात फार विरळा.

आकड्यांत न मावणारे लाभ आपल्या डोळ्यांपुढे आहेत. आज्ञावली रचणे हे सलग एकाग्रतेचे काम आहे. मधेच लक्ष मोडले तर डोक्यात मांडलेला सारा पट विस्कटतो. अशा कामाला पहाटेचे दोन तास कचेरीच्या पाच तासांचे मोल देऊन जातात. मराठवाड्यातील शेतकरी व बाजारकरी उन्हाळ्यात पहाटे व तिन्हीसांजेला काम करून दुपार टाळतो. लवचीक वेळेमुळे अभियंत्यालाही ती शहाणी दिनचर्या पुन्हा लाभते. प्रसूतीनंतर कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास परस्परसंमतीने घरून काम करता यावे, अशी तरतूद २०१७ च्या मातृत्वलाभ सुधारणा कायद्यात झालेली आहे. नांदेडच्या सासरी राहून पुण्याची नोकरी टिकविणाऱ्या स्त्रीला तिचे मोल विचारावे. वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी पाहणारा मुलगा घरात असणे, याची किंमत कोणत्या वेतनपत्रकात लिहावी?

गावाचा लाभ याहूनही दूरगामी आहे. २०१६ सालच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. नगराच्या पाण्याचा, रस्त्यांचा, वाचनालयांचा पाठपुरावा करणारी मंडळी नगरात राहत असावी लागतात. ज्याचे घर पुण्याला, ज्याची मुले पुण्याच्या शाळेत, तो जन्मगावाविषयी हळहळू शकतो. नगरपालिकेच्या दारात उभा राहू शकत नाही.

आता दुसरी बाजू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० साली, २०२५ पर्यंत आपल्या एक-चतुर्थांश लोकांनीच कचेरीत असणे पुरेल असे जाहीर केले होते; २०२३ साली त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलाविले. याला निव्वळ हटवाद म्हणून चालणार नाही. नवशिका अभियंता जाणत्याच्या शेजारी बसून जे शिकतो ते पडद्यावरून तितके शिकत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासातही, एकाच इमारतीत बसणाऱ्या अभियंत्यांना, विशेषतः तरुणांना, आपल्या कामावर अधिक सूचना मिळत असे आढळले. विणकराचा मुलगा बापाच्या शेजारी बसे. घरी एकट्या बसलेल्या नवपदवीधराच्या शेजारी कोण आहे? शांघायच्या पहिल्या प्रयोगातही पुष्कळांना एकटेपणा जाचला. म्हणून प्रयोगानंतर जेव्हा ज्याला जे रुचेल ते निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी आपली जागा बदलली. आणि लाभाचे प्रमाण १३ वरून सुमारे २२ टक्क्यांवर गेले! माझ्या मते या सबंध चर्चेतील हा सर्वांत बोलका आकडा आहे. खरा लाभ निवडीच्या अधिकाराचा आहे. सक्तीचे घर हे सक्तीच्या कचेरीइतकेच जाचक.

दुसरा धोका विणकराच्या सावकाराचा. विखुरलेल्या माणसाला भाव पाडून मागणे सोपे असते. सोलापुरात आणि शेजारच्या निजामाबादेत घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचा अनुभव आपल्या जवळचा आहे. घरी काम करणाऱ्यालाही कामगार मानावे, त्याची नोंद राहावी, यासाठी १९६६ साली विडी-कामगारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. संगणकापुढे बसणाऱ्याला स्वतःची तुलना विडी-कामगाराशी झालेली रुचणार नाही. पण ‘तू गावी राहतोस, तुला खर्च कमी, सबब वेतनही कमी’ असे जेव्हा त्याला ऐकविले जाते, तेव्हा युक्तिवाद तोच असतो. विजेचा व जोडणीचा खर्च कोणी सोसावा, रात्री दहा वाजता आलेल्या निरोपाला उत्तर देणे बंधनकारक आहे काय, याही गोष्टी आधीच लिहून ठेवलेल्या बऱ्या. नाही तर कामाला घरात घेतले आणि घरच कामाला गेले, अशी गत व्हावयाची.

तेव्हा अटी कोणत्या? कौटिल्याने दोन हजार वर्षांपूर्वी घातल्या त्याच: काम देताना मान राखावा, दाम ठरल्या वेळी व पुरते द्यावे, आणि घरी बसणाऱ्याला तो डोळ्यांआड आहे म्हणून कमी लेखू नये. त्यांत आपल्या काळाची एकच अट घालू: जागा व वेळ निवडण्याचा अधिकार काम करणाऱ्याला असावा. आणि नवशिक्यांच्या शिक्षणाची सोय आपली आपण करता येण्याजोगी आहे. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत व वाचनालयांत, वीज व जोडणी यांची खात्री असलेल्या सामायिक खोल्या निघाल्या, आणि निरनिराळ्या कंपन्यांचे जाणते अभियंते आठवड्यातून दोन दिवस तेथे एकत्र बसून काम करू लागले, तर नव्यांना शेजार मिळेल आणि एकट्यांना सोबत. यासाठी मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाही. ज्या समाजाने निजामी अमदानी संपताच दोन वर्षांत महाविद्यालय उभे केले, त्याला चार खोल्या जड जाऊ नयेत.

रेल्वे आली तेव्हा तिच्यावर काय चढवावयाचे आणि काय उतरवावयाचे, हे आपण ठरविले नाही. दुसऱ्यांनी ठरविले, आणि नांदेडचा माग थांबला. आता दारात आलेली ही तार मात्र दोन्ही दिशांनी वाहते. तिच्यावरून काम आत येऊ शकते व माणसे गावात राहू शकतात. किंवा पूर्वीप्रमाणेच बुद्धी तेवढी बाहेर जाऊन गाव रिकामे राहू शकते. या खेपेस तो निर्णय पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे, आणि तो घेण्याची वेळ हीच आहे.